ब्रिटनमधली स्वतःची कंपनी बंद करताना: भांडवली नफ्याचा कर आणि त्यातल्या सवलती

ब्रिटनमध्ये कॉन्ट्रॅक्टवर काम करणारी मराठी माणसं पुष्कळ आहेत, विशेषतः आयटीत. २००२ नंतर हायली स्किल्ड मायग्रंट प्रोग्रॅमवर आणि २००८ नंतर टिअर १ जनरल व्हिसावर आलेल्यांना स्वतःचा व्यवसाय करायची मोकळीक होती. अनेकांनी लिमिटेड कंपनी काढली आणि बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांची कामं त्या कंपनीमार्फत घेतली. डायरेक्टर आपण, कर्मचारी आपण, शेअर आपले. फार तर निम्मे बायकोच्या किंवा नवऱ्याच्या नावावर. आता त्यांतले काही जण कायम नोकरीत शिरले आहेत, काही निवृत्तीला आलेत, काही पुण्याला किंवा नाशिकला परतायच्या विचारात आहेत. कंपनी बंद करायची आहे आणि तिच्या खात्यात पन्नास हजार, लाख, दोन लाख पौंड शिल्लक आहेत. ते घरी कसे आणायचे?

सगळं एकट्याचं असलं तरी कंपनीच्या खात्यातला पैसा कायद्याने तुमचा नसतो. कंपनीने आपल्या नफ्यावर कॉर्पोरेशन टॅक्स भरलेला असतो (सध्या ५० हजार पौंडांपर्यंतच्या नफ्यावर १९ टक्के, अडीच लाखांच्या वर २५ टक्के, मधल्या टप्प्यात चढता). उरलेला पैसा कंपनीतून तुमच्याकडे येताना पुन्हा कर लागतो. तो किती, हे दोन प्रश्नांवर ठरतं. कंपनी बंद करणारे बहुतेक लोक हे दोन प्रश्न एकच समजतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

पहिला प्रश्न: हातात आलेला पैसा उत्पन्न मानला जाईल की भांडवल? दुसरा: भांडवल मानला गेला, तर त्यावर सवलतीचा दर मिळेल का? दोन्हींचे नियम वेगळ्या कायद्यांत आहेत आणि अटीही वेगळ्या आहेत. आजच्या दरांत तर दोन्हींचं मोलही सारखं राहिलेलं नाही. पहिल्याचं उत्तर चुकलं तर मोठा फटका बसतो. दुसऱ्याचं चुकलं तर पूर्वीच्या मानाने बराच लहान.

उत्पन्न की भांडवल

कंपनी चालू असताना शेअरहोल्डर म्हणून पैसे घेतले की तो लाभांश, म्हणजे उत्पन्न. ६ एप्रिल २०२६ पासून लाभांशावर मूळ पट्टीत (म्हणजे उत्पन्नाच्या सर्वांत खालच्या करपात्र टप्प्यात) १०.७५ टक्के, वरच्या पट्टीत ३५.७५ टक्के आणि सर्वांत वरच्या पट्टीत ३९.३५ टक्के कर आहे. करमुक्त लाभांश वर्षाला फक्त ५०० पौंड. २०१६ मध्ये हीच मर्यादा ५,००० होती.

कंपनी रीतसर गुंडाळताना शेअरच्या बदल्यात पैसे मिळाले, तर कायदा मानतो की तुम्ही शेअर सोडून दिलेत आणि त्याची किंमत घेतलीत. हा भांडवली नफा. त्यावर मूळ पट्टीत १८ टक्के आणि वरच्या पट्टीत २४ टक्के कर. शिवाय दरसाल ३,००० पौंडांचा नफा करमुक्त. (२०२२-२३ पर्यंत ही सूट १२,३०० होती. पुढच्या वर्षी ६,००० झाली आणि त्याच्या पुढच्या वर्षी ३,०००.)

उदाहरण घेऊ. कॉर्पोरेशन टॅक्स, व्हॅट, अकाउंटंट, लिक्विडेटर (कंपनी गुंडाळून देणारा व्यावसायिक) असं सगळं भागवून कंपनीत १,०३,००० पौंड उरले. शेअरहोल्डर एकटा आहे आणि नोकरीच्या पगारामुळे तो आधीच वरच्या पट्टीत आहे. हे पैसे एका वर्षात लाभांश म्हणून घेतले, तर ५०० सोडून बाकीच्यावर किमान ३५.७५ टक्के, म्हणजे ३६,६०० पौंडांहून जास्त कर. प्रत्यक्षात आणखी जास्तच, कारण एकूण उत्पन्न एक लाखाच्या वर गेलं की पगारावरची १२,५७० ची वैयक्तिक सूट घटत जाते आणि १,२५,१४० ला संपते. त्यापुढच्या लाभांशावर ३९.३५ टक्के. तेच पैसे भांडवल म्हणून आले, तर ३,००० वजा करून एक लाखावर २४ टक्के, म्हणजे २४,०००. आणि सवलत मिळाली तर १८,०००.

लाभांशाऐवजी भांडवल म्हणून पैसे मिळाल्याने साडेबारा हजारांहून अधिक वाचले. सवलतीने त्यात सहा हजारांची भर घातली. लोकांची सगळी काळजी मात्र सवलतीभोवती फिरते. खरी जपायची गोष्ट पहिली आहे.

पैसा भांडवल ठरायला दोन वाटा आहेत. छोटी वाट अशी: डीएस०१ हा अर्ज भरून कंपनीज हाउसच्या, म्हणजे तिथल्या कंपनी नोंदणी कार्यालयाच्या, नोंदवहीतून कंपनीचं नाव काढून घ्यायचं. लिक्विडेटर लागत नाही, खर्च नगण्य. पण या वाटेने जाणाऱ्या कंपनीचं वाटप एकूण २५ हजार पौंडांपर्यंत असेल तरच ते भांडवल मानलं जातं. ही मर्यादा १ मार्च २०१२ पासून कायद्यात आली. आधी करखाते आपल्या अधिकारात सवलत देई आणि तिला अशी कमाल रक्कम नव्हती. २५ हजारांच्या वर एक पौंड जरी गेला, तरी फक्त वरचा पौंड नव्हे तर सगळी रक्कम लाभांश ठरते. मर्यादा कंपनीची आहे, माणशी नाही. नवरा-बायको निम्मे-निम्मे मालक असतील तर दोघांत मिळून २५ हजार. मात्र तीन हजारांची वार्षिक सूट दोघांना वेगवेगळी मिळते. वाटपानंतर दोन वर्षांत कंपनी नोंदवहीतून निघाली नाही, तरीही ते लाभांश ठरतं. आणि कंपनी विसर्जित होताना तिच्या खात्यात काही राहून गेलं, तर ते राजसत्तेकडे जमा होतं. म्हणून खातं रिकामं झाल्याची खात्री आधी करायची, अर्ज नंतर.

मोठी रक्कम असेल तर दुसरी वाट: मेंबर्स व्हॉलंटरी लिक्विडेशन, तिथल्या बोलण्यात एमव्हीएल. लिक्विडेशन म्हटलं की आपल्याकडे अवसायनात निघालेल्या पतसंस्था आणि ठेवीदारांच्या रांगा आठवतात. हे त्याच्या अगदी उलट आहे. सगळी देणी देऊन पैसा उरणाऱ्या कंपनीचंच असं लिक्विडेशन होतं. १९८६ च्या इन्सॉल्व्हन्सी ॲक्टनुसार डायरेक्टरांना शपथेवर लिहून द्यावं लागतं की कंपनी आपली सगळी देणी बारा महिन्यांच्या आत व्याजासह फेडू शकते. पुरेशा आधाराशिवाय असं लिहून देणं गुन्हा आहे. मग शेअरहोल्डरांनी ७५ टक्के मतांनी ठराव करायचा, परवानाधारक लिक्विडेटर नेमायचा आणि गॅझेटमध्ये सूचना द्यायची. त्या क्षणापासून कंपनीचा कारभार लिक्विडेटरकडे. घेणेकऱ्यांचं भागवून तो उरलेलं वाटतो. बहुतेकदा मोठा हप्ता सुरुवातीलाच मिळतो आणि करखात्याचा हिशेब मिटल्यावर उरलेली किरकोळ रक्कम.

लिक्विडेटरची फी असते आणि फीवर २० टक्के व्हॅट. रक्कम २५ हजारांच्या थोडीच वर असेल तर फी आणि वाचणारा कर शेजारी शेजारी मांडून बघा. अनेकदा एमव्हीएल परवडत नाही. अशा वेळी वरचा भाग आधी लाभांश म्हणून, किंवा कंपनीतर्फे पेन्शनमध्ये भरून, बाकी २५ हजार छोट्या वाटेने काढणं शहाणपणाचं ठरतं. पेन्शनमध्ये वर्षाला ६० हजारांपर्यंत, आणि आधीच्या तीन वर्षांची न वापरलेली मर्यादा असेल तर त्याहून जास्त, कंपनी भरू शकते. त्यावर कॉर्पोरेशन टॅक्सही वाचतो. पण ही भर व्यवसाय चालू असतानाच घालायला हवी. व्यवसाय थांबल्यावर तो खर्च व्यवसायासाठी होता हे पटवणं अवघड जातं.

लिक्विडेटर नेमण्यापूर्वी जमेल तितकी देणी स्वतःच फेडून टाका. लिक्विडेशन सुरू झाल्यापासून थकलेल्या देण्यांवर, करखात्याच्या येण्यावरसुद्धा, कायद्याने ८ टक्के व्याज लागतं. आणि कंपनीकडून तुम्ही उचल घेतली असेल, म्हणजे डायरेक्टर्स लोन, तर ती लपून राहणार नाही: लिक्विडेटरच्या दृष्टीने तुम्ही कंपनीचे ऋणको आहात आणि ती रक्कम एकतर परत भरावी लागेल किंवा तुमच्या वाटपात धरली जाईल.

दोन वर्षांची अट, आणि ती नेमकी कशाची

आता सर्वांत नाजूक भाग. समजा एखाद्याने नफा कंपनीत साठवला, कंपनी गुंडाळून कमी दराने घरी आणला, दुसऱ्याच महिन्यात नवी कंपनी काढली आणि तेच काम पुढे चालू ठेवलं. दर तीन वर्षांनी असंच. हे थांबवायला ६ एप्रिल २०१६ पासून एक नियम लागू झाला. त्याच दिवशी लाभांशावरचा कर वाढला होता, त्यामुळे असा मार्ग शोधण्याचं आकर्षणही वाढलं होतं. टार्गेटेड अँटी-अव्हॉयडन्स रूल असं त्याचं नाव. अकाउंटंट त्याला टार म्हणतात.

लिक्विडेशनमधलं वाटप या नियमाने पुन्हा लाभांश ठरवता येतं. त्यासाठी चारही गोष्टी खऱ्या असाव्या लागतात. कंपनीत तुमचा किमान ५ टक्के हिस्सा होता. कंपनी मोजक्या लोकांच्या ताब्यातली होती. वाटप मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत तुम्ही तेच किंवा तशाच प्रकारचं काम कुठल्याही रूपात करता आहात: स्वतःच्या नावावर, भागीदारीत, नव्या कंपनीतून किंवा जवळच्या नातेवाइकाच्या व्यवसायात गुंतून. आणि चौथी, जिच्यावर सगळं अवलंबून असतं: कंपनी बंद करण्यामागचा एक मुख्य हेतू आयकर वाचवण्याचा होता असं मानायला वाजवी आधार आहे.

एका माणसाच्या कंपनीत पहिल्या दोन अटी आपोआप पूर्ण होतात. तिसरी कॉन्ट्रॅक्टरच्या बाबतीत सहज पूर्ण होते, कारण सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारा माणूस कंपनी बंद झाल्यावर सुतारकाम करायला लागत नाही. म्हणून खरा निवाडा चौथ्या अटीवर होतो. ‘दोन वर्षं काम करायचं नाही’ असा सरसकट समज पसरलेला आहे, तो बरोबर नाही. दोन वर्षांच्या आत तेच काम केलं तरी, बंद करण्याचं कारण प्रामाणिकपणे वेगळं असेल तर नियम लागू होत नाही.

करखात्याने, म्हणजे एचएमआरसीने, आपल्या मार्गदर्शिकेत याची उदाहरणं दिली आहेत. बागकामाचा व्यवसाय असलेला एक गृहस्थ निवृत्त होतो, कंपनी बंद करतो आणि पेन्शनला हातभार म्हणून गावात थोडंफार बागकाम करत राहतो. त्याला नियम लागत नाही. एक हिशेबनीस स्वतःच्या व्यवसायातली जोखीम नको म्हणून दुसऱ्या फर्ममध्ये नोकरी धरते. तिलाही लागत नाही. आणि एक आयटी कॉन्ट्रॅक्टर आहे: प्रत्येक नव्या कामासाठी ती नवी कंपनी काढते, काम संपलं की ती गुंडाळून नफा भांडवल म्हणून घेते. तिला लागतो. तिसरं उदाहरण आयटी कॉन्ट्रॅक्टरचंच असावं हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. या क्षेत्राकडे खात्याचं लक्ष आहे.

खरी अडचण या उदाहरणांच्या मधल्या जागेत राहणाऱ्यांची आहे. आयआर३५ या नावाने ओळखले जाणारे नियम एप्रिल २००० पासून आहेत. कंपनीच्या आडून प्रत्यक्षात नोकरीच करणाऱ्याला नोकरदारासारखा कर लावायचा, हा त्यांचा उद्देश. २०१७ मध्ये सरकारी क्षेत्रात आणि एप्रिल २०२१ मध्ये मोठ्या व मध्यम खासगी संस्थांत, कॉन्ट्रॅक्टर खरा स्वतंत्र आहे की नाही हे ठरवायची जबाबदारी काम देणाऱ्याकडे गेली. अनेक संस्थांनी धोका नको म्हणून कॉन्ट्रॅक्टरांना अम्ब्रेला कंपनीच्या, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरांना आपले कर्मचारी म्हणून नेमणाऱ्या मध्यस्थ कंपनीच्या, पगारावर यायला सांगितलं. स्वतःच्या कंपनीला काही कामच उरलं नाही. अशा वेळी ती बंद करण्यामागचं कारण कर वाचवणं नव्हतं, हे सरळ आहे. पण दीड वर्षाने त्या माणसाला स्वतंत्र स्वरूपाचं चांगलं काम मिळालं, त्यासाठी लिमिटेड कंपनी हवी, आणि त्याने ती काढली तर? तिसरी अट पूर्ण झाली. आता सगळा भार चौथीवर.

माझं मत स्पष्ट आहे: इथे कागद तुम्हाला वाचवतात. काम देणाऱ्याने दिलेलं आयआर३५ चं निर्णयपत्र, अम्ब्रेलाचा करार, नोकरीचं नियुक्तीपत्र, परतीच्या प्रवासाची किंवा घरविक्रीची कागदपत्रं हे सगळं बंद करण्याच्या वेळचं, तारखेसह जपून ठेवा. कंपनी का बंद करत आहोत हे त्याच वेळी डायरेक्टरच्या ठरावात दोन ओळींत लिहा. तीन वर्षांनी पत्र आल्यावर आठवून लिहिलेल्या खुलाशाला तेवढं वजन नसतं. आगाऊ विचारून होकार घेण्याची सोय या नियमात नाही; विवरणपत्र भरताना तुम्हालाच ठरवावं लागतं. आणि नवी कंपनी बायकोच्या किंवा भावाच्या नावावर काढून यातून सुटता येत नाही, कारण जवळच्या व्यक्ती नियमात धरलेल्या आहेत.

दोन वर्षं प्रत्येक वाटपाच्या तारखेपासून वेगळी मोजतात. शेवटचा किरकोळ हप्ता वर्षभराने आला तर त्याची दोन वर्षं तेव्हापासून.

सवलतीची गोष्ट

पैसा भांडवल ठरला. आता सवलतीचा प्रश्न. सध्या तिचं नाव बिझनेस ॲसेट डिस्पोजल रिलीफ. ६ एप्रिल २००८ ला ती आँत्रप्रनर्स रिलीफ या नावाने आली. अर्थमंत्री ॲलिस्टर डार्लिंग यांनी आधीची टेपर सवलत (मालमत्ता जितकी जास्त काळ ठेवली तितका कर कमी) काढून सगळ्यांना १८ टक्के दर लावायचं जाहीर केलं, त्यावर छोट्या व्यावसायिकांनी जोरदार आक्षेप घेतला, आणि मग व्यवसाय विकणाऱ्यांसाठी प्रत्यक्ष १० टक्के दर पडेल अशी ही सवलत दिली गेली. आयुष्यभरात मिळून १० लाख पौंडांच्या नफ्यापर्यंत. ही मर्यादा २०१० मध्ये आधी २० लाख, मग ५० लाख झाली आणि २०११ मध्ये एक कोटी. ११ मार्च २०२० च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी ती पुन्हा १० लाखांवर आणली आणि सवलतीचं नावही बदललं.

मग ३० ऑक्टोबर २०२४ ला अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी दर बदलले. भांडवली नफ्याचे १० आणि २० टक्के हे मुख्य दर त्याच दिवसापासून १८ आणि २४ झाले. सवलतीचा १० टक्के दर ५ एप्रिल २०२५ पर्यंत राहिला, नंतरच्या एका वर्षासाठी १४ झाला आणि ६ एप्रिल २०२६ पासून १८. वरच्या उदाहरणातल्या एक लाखावर सवलतीचा कर मार्च २०२५ मध्ये १०,००० होता, मार्च २०२६ मध्ये १४,००० आणि आता १८,०००. हिशेबात तारीख धरायची ती लिक्विडेटर नेमल्याची नव्हे, वाटपाची.

याचा अर्थ नीट पाहा. सवलतीचा दर आता भांडवली नफ्याच्या मूळ पट्टीच्या दराइतकाच आहे. म्हणजे नफ्याचा जो भाग मूळ पट्टीत बसतो, त्यावर सवलतीने काहीच वाचत नाही. वरच्या पट्टीत शेकडा सहा वाचतात. आयुष्यभराची सगळी १० लाखांची मर्यादा वापरली तरी जास्तीत जास्त बचत ६०,००० पौंड. एक कोटीची मर्यादा आणि २८ टक्के मुख्य दर असतानाच्या काळात तीच बचत १८ लाखांपर्यंत जाऊ शकत होती. सवलत मिळाली तर जरूर घ्या, पण तिच्यासाठी आयुष्याचे निर्णय वाकवण्याइतकी ती आता मोठी नाही.

अटी अशा. कंपनी व्यवसाय करणारी हवी. तुमच्याकडे किमान ५ टक्के साधे शेअर आणि ५ टक्के मतं हवीत, आणि नफ्यातला व मालमत्तेतला ५ टक्के वाटाही (पर्यायाने, कंपनी विकली गेली तर किमतीतला). तुम्ही कंपनीत अधिकारी किंवा कर्मचारी हवेत. हे सगळं सलग दोन वर्षं. ६ एप्रिल २०१९ पूर्वी एक वर्ष पुरे होतं. कंपनीचा व्यवसाय थांबलेला असेल तर ही दोन वर्षं व्यवसाय थांबला त्या दिवसापर्यंत मोजायची, आणि थांबल्यापासून तीन वर्षांच्या आत वाटप मिळायला हवं.

ही तीन वर्षांची मुदत सगळ्यांत जास्त निसटते. एप्रिल २०२१ मध्ये ज्याचं काम अम्ब्रेलाकडे गेलं आणि ज्याने कंपनी ‘पुढे लागेल’ म्हणून तशीच ठेवली, त्याची मुदत एप्रिल २०२४ मध्ये संपली. आज कंपनी गुंडाळली तर पैसा भांडवल ठरेल, सवलत मात्र गेली. दोन कामांच्या मधला काळ, त्यात तुम्ही खरोखर नवं काम शोधत असाल तर, व्यवसाय थांबल्यात धरला जात नाही. पण शेवटचं बिल, व्हॅटची नोंदणी रद्द केल्याची तारीख, एचएमआरसीला कळवलेली बंद तारीख हे एकमेकांशी जुळलं पाहिजे.

व्यवसाय करणारी कंपनी या अटीत आपल्या लोकांचा पाय अडकतो तो घरांमुळे. कंपनीत साठलेल्या पैशातून एखादा फ्लॅट घेऊन भाड्याने दिला किंवा शेअर बाजारात पैसे गुंतवले, तर कंपनी व्यवसायाची न राहता गुंतवणुकीची ठरू शकते. व्यवसायेतर भाग लक्षणीय नसावा असं कायदा म्हणतो आणि खातं साधारण २० टक्के ही खूण धरतं. कामाच्या कमाईचा पैसा बँकेत नुसता पडून असेल तर त्याने सहसा बाधा येत नाही. गुंतवणूक म्हणून तो राबवायला लागलात की प्रश्न उभा राहतो.

आणि जोडीदाराचे शेअर. करासाठी शेअर वाटून घेण्याची पद्धत तिथे रूढ आहे आणि २००७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा तिथलं सर्वोच्च न्यायालय) आर्क्टिक सिस्टिम्स या कंपनीच्या खटल्यात एका जोडप्याच्या बाजूने निकाल दिल्यावर ती अधिकच पक्की झाली. पण नुसते शेअर असून सवलत मिळत नाही. जोडीदार दोन वर्षं डायरेक्टर, कंपनी सेक्रेटरी किंवा कर्मचारी असायला हवा. नसेल तर किती नुकसान? पूर्वी ते झोंबायचं. आता उदाहरणातली रक्कम दोघांत निम्मी करून बघा. बायकोला ५१,५००, ३,००० वजा जाता ४८,५००. तिला दुसरं उत्पन्न नसेल तर त्यातले ३७,७०० मूळ पट्टीत बसतात, तिथे तसाही १८ टक्केच. उरलेल्या १०,८०० वर सहा टक्के जास्त, म्हणजे ६४८ पौंड. एवढ्यासाठी दोन वर्षं थांबून तिला कागदोपत्री सेक्रेटरी करण्यात अर्थ नाही.

सवलत आपोआप मिळत नाही, मागावी लागते. ज्या करवर्षात वाटप झालं त्यानंतरच्या ३१ जानेवारीपासून आणखी एक वर्ष मुदत असते. २०२६-२७ मधल्या वाटपासाठी ३१ जानेवारी २०२९.

घाई नसेल तर

काम पूर्ण थांबवणाऱ्यांसाठी एक तिसरा मार्ग आहे आणि लिक्विडेशन विकणाऱ्यांच्या जाहिरातीत तो दिसत नाही. दुसरं काहीच उत्पन्न नसेल तर वर्षाला ५०,२७० पौंड लाभांश घ्या. पहिले १२,५७० वैयक्तिक सुटीत गेले, पुढचे ५०० लाभांशाच्या सुटीत. उरलेल्या ३७,२०० वर १०.७५ टक्के, म्हणजे सुमारे ४,००० कर. दोन करवर्षांत मिळून लाखभर पौंड आले आणि कर साधारण आठ हजार. तेच एमव्हीएलने सवलतीसह अठरा हजार, वर लिक्विडेटरची फी. राहिलेले अडीच हजार छोट्या वाटेने, तीन हजारांच्या सुटीत बसवून.

हे एप्रिल २०२६ नंतर अधिकच खरं झालं आहे. सवलतीचा दर १० टक्के असताना एकदाच सगळं काढून मोकळं होणं बहुतेकांना सोयीचं होतं; आता तो १८ असल्यावर संथपणे लाभांश काढणारा पुढे राहतो. अर्थात कंपनी चालू ठेवली की वार्षिक हिशेब आणि विवरणपत्रं आलीच. रक्कम चार-पाच लाख असेल तर हा मार्ग फार लांबतो, आणि पगार, भाडं किंवा पेन्शन चालू असेल तर मूळ पट्टीत जागाच उरत नाही. पण साठीला आलेल्या, लाख-दीड लाख शिल्लक असलेल्या माणसाने अकाउंटंटकडे हा हिशेब आवर्जून मागावा.

परत भारतात जाणाऱ्यांसाठी

इथे दोन देशांचे कायदे विरुद्ध दिशांना तोंड करून उभे आहेत. ब्रिटनमध्ये लिक्विडेशनचं वाटप मुळात भांडवल. भारतात १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २(२२)(सी) नुसार कंपनीच्या साठलेल्या नफ्याइतका भाग लाभांश मानला जात असे आणि फक्त त्यापलीकडचं भांडवल. १ एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या कायद्यातही हेच तत्त्व आहे. कॉन्ट्रॅक्टरच्या कंपनीत जवळजवळ सगळाच साठलेला नफा असतो. म्हणजे आधी पुण्याला येऊन पूर्ण भारतीय रहिवासी झालात आणि वाटप नंतर आलं, तर इथल्या नेहमीच्या उत्पन्नाच्या दराने कर.

बराच काळ बाहेर राहून परतणाऱ्याला, मागच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असल्यास, साधारण दोन वर्षं ‘रहिवासी पण सामान्यतः रहिवासी नाही’ असा दर्जा मिळतो. त्या काळात भारताबाहेरच्या उत्पन्नावर, ते भारतातून चालवलेल्या व्यवसायाचं नसेल तर, भारतात कर नाही. आणि ब्रिटनचं रहिवासित्व सुटल्यावर तिथेही अशा शेअरच्या नफ्यावर कर नाही. दोन्हीकडून सुटका, असं काही सल्लागार रंगवून सांगतात. पण ब्रिटनचा तात्पुरत्या अनिवासाचा नियम आहे: जाण्यापूर्वीच्या सात करवर्षांत चार किंवा अधिक वर्षं तुम्ही तिथे रहिवासी होतात आणि पाच वर्षांच्या आत परत गेलात, तर मधल्या काळातला तो नफा परतण्याच्या वर्षात करपात्र होतो. छोट्या कंपनीतून घेतलेल्या लाभांशालाही तशाच प्रकारचा नियम आहे. मुलं तिथे शिकत असतील आणि तीन वर्षांनी पुन्हा जाण्याची शक्यता असेल, तर या वाटेवर भिस्त ठेवू नका.

ज्यांना साधं आणि निश्चित हवं, त्यांनी विमानात बसण्यापूर्वी, ब्रिटनमध्ये रहिवासी आणि भारतात अनिवासी असतानाच मोठं वाटप घ्यावं, तिथला कर भरावा आणि लिक्विडेटरचं वाटपपत्र, विवरणपत्राची प्रत आणि कर भरल्याची पावती सोबत आणावी. पैसा पुढे भारतात पाठवताना बँकेला आणि आयकर खात्याला त्याचा उगम दाखवायला हेच कागद लागतात.